माऊ भुंकला नाही, सबब मांजर

सोमवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, पाळीव प्राणी रोगनिदान व संशोधन संस्थेच्या खिडकी क्रमांक दोनवर, बत्तीस किलो वजनाच्या एका कुत्र्याचं मांजर झालं. कुत्र्याला त्याची कल्पना नव्हती. तो खिडकीखाली फरशीवर पोट टेकून धापा टाकत बसला होता.

शास्त्राची सगळी प्रगती नोंदीवर उभी आहे. प्राणी आज आहे, उद्या नाही. नोंद मात्र राहते. शिवाय नोंद चावत नाही, केस गाळत नाही आणि तपासणीच्या टेबलावरून उडी मारत नाही. म्हणून कुठल्याही गंभीर संस्थेत आधी नोंद तपासतात आणि वेळ उरला तर प्राणी.

त्या सकाळी काय घडलं याबद्दल दुमत नाही. कुत्र्याचा मालक लिफ्ट मेकॅनिक होता. त्याने एक्केचाळीस रकान्यांचा अर्ज स्वच्छ अक्षरात भरला. ‘रुग्णाचे नाव’ या रकान्यात त्याने ‘माऊ’ लिहिलं, कारण कुत्र्याचं नाव माऊ होतं. ‘प्रकार’ या रकान्यापाशी तो थोडा थबकला. त्याच्या धंद्यात प्रकार दोनच, प्रवासी आणि मालवाहू. दोन्ही लागू नव्हते. बराच विचार करून त्याने लिहिलं, ‘घरचा’.

खिडकीमागचा कारकून एकोणीस वर्षं तिथे बसत होता. खिडकी जमिनीपासून चार फुटांवर आणि कारकुनाची खुर्ची बुटकी, त्यामुळे त्याला बाहेरच्या माणसाचा छातीपासून हनुवटीपर्यंतचा भाग दिसे. एवढ्या नोकरीत त्याने एकही रुग्ण पाहिलेला नव्हता. (अपवाद एका पोपटाचा. तो खांद्यावर होता.)

“नाव माऊ?” कारकुनाने विचारलं.

“हो.”

“नर?”

“हो.”

“बरं.”

कारकुनाने ‘घरचा’वर नीट रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘मांजर’. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. संस्थेच्या दप्तरात आजवर माऊ नावाचे दोनशे बारा रुग्ण आले होते आणि दोनशे बाराच्या दोनशे बारा मांजरं होती. इतका भक्कम पुरावा संस्थेच्या कित्येक औषधांच्याही मागे नाही.

आता नावाविषयी. अकरा वर्षांपूर्वी मेकॅनिक एका इमारतीत लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात उतरला, तेव्हा तिथे एक मांजर आपल्या पिल्लांना पाजत पडलं होतं. पिल्लं चार. तीन मांजराची आणि एक कुत्र्याचं, आणि सगळ्यात हावरट तेच. मांजराने कोणाचीही नोंद तपासली नव्हती. मेकॅनिकने चौथं पिल्लू टूलबॅगेत घालून घरी आणलं. तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या त्याच्या मुलीने हकिकत ऐकली आणि म्हणाली, “म्हणजे हा माऊचाच की!” पुढे मुलीचं लग्न झालं, ती सासरी गेली. माऊ आणि नाव दोन्ही मागे राहिली.

माऊचा आजार साधा होता. आधी त्याचं भुंकणं घोगरं झालं, मग बसलं, मग तोंड उघडलं की नुसती हवा येऊ लागली. जिना चढून आला की आत घेतलेला श्वास करवतीसारखा वाजे. मेकॅनिकच्या बायकोला वाटलं घसा धरलाय. मेकॅनिकने माऊच्या गळ्याला कान लावला, डोळे मिटले आणि बत्तीस वर्षांच्या अनुभवाने निदान केलं.

“अगं, दार अडतंय.”

“कुठलं दार?”

“आतलं. अर्धंच उघडतंय. मोटर ठीक आहे, रोप ठीक आहे. दाराचं काम आहे.”

“तो काय लिफ्ट आहे?” बायको म्हणाली. पण म्हणताना तिने माऊच्या गळ्यावरून हात फिरवला.

संस्थेच्या शल्यचिकित्सक बाईंनी पहिल्याच दिवशी माऊच्या घशात बॅटरी मारली आणि मेकॅनिकला सांगितलं, “श्वासनलिकेच्या तोंडाशी दोन पाकळ्या असतात. श्वास घेताना त्या बाजूला व्हायला हव्यात. याच्या होत नाहीयेत.”

“दार,” मेकॅनिक म्हणाला.

“दारच म्हणा. एक पाकळी टाका घालून कायमची उघडी ठेवायची. हे ऑपरेशन इथे आसपास फक्त आम्हीच करतो. तीस कुत्र्यांवर अभ्यास चालू आहे, एकोणतीस झालेत. एक जागा आहे. पण फार थांबू नका, एक दिवस दार उघडायचंच नाही.”

बाईंना निदानाला चार मिनिटं लागली. हे शास्त्राला शोभण्यासारखं नव्हतं, म्हणून संस्थेने पुढचे पाच आठवडे सात तपासण्या केल्या. अहवाल अतिशय काटेकोर होते. फक्त सगळी मापं मांजराच्या मापांशी ताडलेली होती. त्यातले ठळक निष्कर्ष असे: रुग्ण अतिस्थूल, अपेक्षित वजनाच्या आठपट. हृदय धोकादायक प्रमाणात मोठं. कान खाली पडलेले, कारण अज्ञात. नखं आत घेता येत नाहीत, गंभीर सांधेदोषाची शक्यता. सोबत आहाराचा तक्ता होता. त्यानुसार माऊने वर्षभरात अठ्ठावीस किलो वजन कमी करायचं होतं.

आकडेतज्ज्ञांच्या विभागातही हालचाल झाली. त्या तिमाहीत घसा विभागात वीस मांजरं तपासली गेली होती आणि त्यांची सरासरी होती चार किलो. माऊ धरून ती सव्वापाचच्या वर गेली आणि एका दुपारी एकोणीस मांजरं कुपोषित ठरली. त्यांच्या मालकांना पत्रं गेली. (त्यातल्या सहा जणांनी मांजराला लगेच दुप्पट दूध सुरू केलं आणि ती आता वेगळ्या विभागात उपचार घेत आहेत.)

चूक लक्षात आली ती ऑपरेशनची तारीख घ्यायच्या वेळी. संगणकाने माऊचं नाव घेतलं नाही. अभ्यास कुत्र्यांचा होता.

“बाई, तुम्हाला दिसतंय ना हा कुत्रा आहे?” मेकॅनिकने विचारलं.

“मला दिसतंय हो,” बाई म्हणाल्या. “पण भुलीचं औषध माझ्या डोळ्यांना विचारून मिळत नाही, नोंदीला विचारून मिळतं. मांजराच्या मापाची भूल येईल, मांजराच्या मापाची नळी येईल. हा टेबलावर उठून बसेल आणि आपल्या तोंडाकडे बघेल. आधी नोंद दुरुस्त करून आणा. अभ्यास येत्या गुरुवारी बंद होतोय.”

तो दिवस शुक्रवार होता. माऊचा श्वास पडल्या पडल्या मिनिटाला छत्तीस होता. निरोगी कुत्र्याचा तिसाच्या आत असतो. मेकॅनिकला हे आता पाठ झालं होतं. बायको भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजायची आणि तो कॅलेंडरवर लिहायचा.

नोंद दुरुस्त करण्याची सोय संस्थेत आहे, आणि ती सोय नाही असं म्हणणाऱ्यांनी नियमावली वाचलेली नाही. कलम चौदा (क) प्रमाणे ज्या रुग्णाच्या प्रकाराविषयी वाद आहे त्याची श्वानत्व-पडताळणी होते. पूर्वी त्यात शेपूट हलवणं, हाक मारल्यावर येणं आणि चेंडू आणून देणं याही कसोट्या होत्या. पण शेपूट मांजरंही हलवतात, हाकेला बरीच कुत्री येत नाहीत, आणि चेंडूच्या कसोटीत एकदा संचालकांचा स्वतःचा कुत्रा नापास झाला. तेव्हापासून एकच कसोटी उरली. ती वस्तुनिष्ठ आहे. रुग्णाने समितीसमोर भुंकायचं. आवाज साठ डेसिबलच्या वर गेला तर कुत्रा, सबब नोंद दुरुस्त. नाही गेला तर मूळ नोंद कायम.

पडताळणी सोमवारी अकरा वाजता तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्टवर ‘लिफ्ट चालू आहे’ असा फलक होता आणि लिफ्ट बंद होती. मेकॅनिकने फटीतून डोकावून पाहिलं. दाराचा एक रोलर रुळातून उतरला होता.

“दहा मिनिटांचं काम आहे,” तो रखवालदाराला म्हणाला. “सामान आहे माझ्याकडे. करून देतो.”

“कसलं काम?”

“लिफ्टचं.”

“ती चालू आहे,” रखवालदार फलकाकडे बोट दाखवून म्हणाला. “चौदा महिन्यांपूर्वी दुरुस्त झालीय, कागद आहे. चालू लिफ्ट दुरुस्त कशी करणार तुम्ही?”

मेकॅनिकने माऊला खांद्यावर घेतलं आणि तीन मजले चढला. वर पोचल्यावर दोघांच्या श्वासाचा आवाज सारखाच येत होता.

समितीत संचालक होते, आकडेतज्ज्ञ होते आणि शल्यचिकित्सक बाई होत्या. टेबलावर आवाज मोजण्याचं यंत्र होतं. संचालक मवाळ बोलणारे गृहस्थ होते. प्राण्यांवर त्यांचं इतकं प्रेम होतं की जवळून त्यांना ते पाहवत नसत.

“हं, भुंकायला सांगा,” ते म्हणाले.

“माऊ,” मेकॅनिक म्हणाला, “बोल बाळा.”

माऊने मालकाकडे पाहिलं, शेपूट आपटली, तोंड उघडलं आणि अंगात होतं नव्हतं ते सगळं लावून भुंकला. खोलीत हवेची एक झुळूक आली. यंत्रावर एकतीसचा आकडा दिसला. तो छतावरच्या पंख्याचा होता.

“आणखी एकदा?”

माऊ आणखी एकदा भुंकला. आकडा तोच. मग तो खाली बसला आणि बराच वेळ त्याच्या बरगड्या वरखाली होत राहिल्या.

“सर,” बाई म्हणाल्या, “भुंकता येत नाही हाच तर त्याचा आजार आहे.”

“मग बरा झाल्यावर आणा. आम्ही कुठे नाही म्हणतोय?”

“बरा व्हायला ऑपरेशन लागेल. ऑपरेशनला तो कुत्रा असायला लागेल.”

“बरोबर. मग भुंकेल ना?”

बाई प्रामाणिक होत्या. त्यांच्या कारकिर्दीत या गुणाने त्यांचं बरंच नुकसान झालं होतं. “नाही सर. ऑपरेशननंतर श्वास परत येतो. भुंकणं बहुतेक येत नाही.”

“म्हणजे तो कायमचाच मांजर,” संचालक खेदाने म्हणाले. “वाईट वाटतं.”

आकडेतज्ज्ञांनी मधे पडून सांगितलं की यात निराश होण्याचं कारण नाही. बत्तीस किलोचं मांजर जगात कुठे नोंदलेलं नाही, त्यावरचा शोधनिबंध त्यांनी धाडून दिला आहे आणि शीर्षकात संस्थेचं नाव आहे. आता नोंद बदलली तर निबंध मागे घ्यावा लागेल. “एका कुत्र्यासाठी,” ते म्हणाले आणि चटकन दुरुस्ती केली, “एका रुग्णासाठी.”

घरी आल्यावर बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अहो, नावच बदलून टाका ना. दप्तरापुरतं. आपण काय, माऊच म्हणू.”

मंगळवारी सकाळी मेकॅनिकने खिडकी क्रमांक दोनवर नावबदलाचा अर्ज दिला. नवं नाव वाघ्या. या नावाचे एकशे चाळीस रुग्ण दप्तरात होते, सगळे कुत्रे. संस्थेचं काम चोख आहे. दुपारपर्यंत नोंद तयार होती: ‘वाघ्या (पूर्वीचे नाव माऊ), मांजर, नर.’

त्या दिवशी श्वास चव्वेचाळीस होता.

कारकून मनाने वाईट नव्हता. मेकॅनिकच्या हनुवटीची अवस्था त्याला दिसत होती. त्यानेच हळूच नियमावली सरकवून कलम चौदा (ग) वर बोट ठेवलं. पडताळणीत नापास झालेल्या रुग्णासाठी पाच निःपक्ष साक्षीदार चालतात. प्रत्येकाने छापील पत्रकावर लिहून द्यायचं की हा प्राणी कुत्रा आहे. अट एकच: साक्षीदाराने रुग्णाला कधीही पाहिलेलं नसावं. प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचं मत पाहण्यामुळे दूषित होतं, असं संस्थेच्या अनुभवाला आलेलं आहे.

“न पाहिलेला माणूस कसं सांगणार?” मेकॅनिक म्हणाला.

“हकिकत ऐकून,” कारकून म्हणाला. “आम्ही नाही का सांगत?”

मेकॅनिकने दोन दिवसांत चार पत्रकं मिळवली. पहिलं विहीणबाईंचं, म्हणजे मुलीच्या सासूबाईंचं. त्यांना कुत्र्यांची इतकी भीती की लग्नाला सहा वर्षं झाली तरी त्यांनी या घरात पाऊल टाकलेलं नव्हतं.

“मी एकदाच आले होते,” त्या फोनवर म्हणाल्या. “खालूनच त्याचं भुंकणं ऐकलं आणि तशीच रिक्षा वळवली. मांजर म्हणतात त्याला? मग मी सहा वर्षं कोणाला घाबरतेय? द्या तो कागद इकडे.” माऊ भुंकत असे याची जगात तेवढीच एक तटस्थ साक्ष होती. पत्रकात ‘ऐकले आहे का’ असा रकाना नव्हता.

दुसरं त्यांच्या यजमानांचं. त्यांना कुत्रे आवडत, पण बायको जाऊ देत नसे. तिसरं मेकॅनिकच्या लांबच्या चुलतभावाचं, ते टपालाने आलं. चौथं एका वकिलाचं. ते बुधवारी दुपारी एका इमारतीत दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधोमध लिफ्टमध्ये अडकले होते. पत्रक त्यांना दाराच्या फटीतून देण्यात आलं आणि त्यांनी ते न वाचता सही करून परत दिलं. (मेकॅनिकचं म्हणणं असं की दार उघडायला एरवीही तेवढाच वेळ लागला असता.)

पाचवा मिळेना. शेजाऱ्यांनी माऊला पाहिलं होतं. गिऱ्हाइकांनी पाहिलं होतं, कारण माऊ पूर्वी कामावर सोबत जाई. ज्यांनी पाहिलं नव्हतं ते म्हणाले, “अरेरे, काय ही माणसं!” आणि मग म्हणाले, “पण आपण कशाला त्यात पडा?” एकाने तर ही हकिकत आपल्या ऑफिसात इतकी रंगवून सांगितली की चौदा जण पोट धरून हसले. चौदाही जण पात्र होते.

गुरुवारी दुपारी मेकॅनिक आणि त्याची बायको माऊला घेऊन संस्थेत आले. माऊ खिडकी क्रमांक दोनच्या खाली त्याच फरशीवर बसला. दोन मजले वर बाईंनी टेबल तयार ठेवलं होतं, भूल कुत्र्याच्या मापाची मोजून लिहिली होती आणि फक्त सहीची जागा कोरी होती. खिडकी साडेपाचला बंद होते.

चार वाजता मेकॅनिकला एकदम सुचलं. तो खिडकीत वाकला. “अहो, तुम्ही पाहिलंय का याला?”

“कोणाला?”

“माऊला.”

कारकुनाने विचार केला. “नाही बुवा. मी कोणालाच पाहिलेलं नाही.”

“मग तुम्हीच भरा की पाचवं!”

एकोणीस वर्षांत कारकुनाला कोणी मत विचारलेलं नव्हतं. त्याचा चेहरा जरा उजळला. त्याने कोरं पत्रक घेतलं, पेनाचं टोपण काढलं आणि थांबला. “पण पत्रक बाहेरून यायला लागतं. खिडकीतून. मी आतला माणूस.”

“मग या ना बाहेर,” बायको म्हणाली. “दोन पावलं तर आहेत.”

“येतो,” कारकून म्हणाला आणि अर्धवट उठला. मग पुन्हा बसला. “तो कुठे आहे?”

“इथेच. खिडकीखाली.”

“म्हणजे बाहेर आलो की दिसणार.” त्याने पेनाचं टोपण लावलं. “आणि दिसला की मी अपात्र.”

फरशीवरून करवतीचा आवाज येत होता. कारकुनाने तो ऐकला, हे त्याच्या बसण्यावरून कळत होतं.

“डोळे मिटून या,” बायको म्हणाली.

“तसं नियमात नाही,” तो म्हणाला. पण हे त्याने फार हळू म्हटलं, आणि नियमावली पुन्हा पहिल्या पानापासून चाळायला घेतली. ती दोनशे चौऱ्याऐंशी पानांची आहे.

तेव्हा परिस्थिती अशी आहे. हवा आहे एक माणूस, ज्याने माऊला कधी पाहिलेलं नाही, ज्याचं माऊशी काही नातं नाही, आणि तरीही ज्याला सगळी हकिकत पहिल्या सोमवारपासून माहीत आहे. संस्थेच्या मते असा माणूस मिळणं जवळजवळ अशक्य आहे. आपण मात्र इथवर वाचत आलेले आहात. पत्रक एका पानाचं आहे आणि त्यात प्रश्न एकच आहे. जे वाचक हसले पण जागचे उठले नाहीत त्यांची नोंद ‘मत नाही’ अशी होते, आणि ज्यांना मत नाही ते मूळ नोंदीच्या बाजूने मोजण्याची संस्थेत पद्धत आहे.

मेकॅनिकच्या बायकोने शेवटचं मोजलं तेव्हा चार वाजून बावन्न मिनिटं झाली होती. श्वास मिनिटाला चोपन्न. पत्रकं चार.